चाळीस सेकंद

दर महिन्याच्या पाच तारखेला
मी बघते, कोणी काय बघितलं.
शरणपूर रोडवरचं हॉस्पिटल, तळघर, लिनन रूमच्या शेजारची खोली.
थंडीत फरशी इतकी गार
की पाय खुर्चीच्या दांडीवर घेऊन बसावं लागतं.
पडद्यावर ओळी: तारीख, वेळ, लॉगिन, पेशंटचा नंबर,
आणि शेवटी एक रकाना, कारण.
बहुतेक ओळी कंटाळवाण्या.
डॉक्टर, राउंड. सिस्टर, औषध. लॅब, रिपोर्ट.
एका रेसिडेंटने पहाटे तीनला
आपल्याच आईचा एक्स-रे चारदा उघडलेला.
त्याला मी नुसता फोन केला.

मग ती ओळ आली.
सात जानेवारी, दुपारी चार बारा.
बिलिंग, खिडकी तीन.
फाईल आठ वर्षांपूर्वीची, बिल तेव्हाच चुकतं झालेलं,
पेशंट त्यानंतर पुन्हा आलेली नाही.
कारणाच्या जागी एक टिंब.
चाळीस सेकंद.

खिडकी तीन म्हणजे कोठावदे.
मेहुण्याच्या मळ्यातली द्राक्षं दर मोसमात
वर्तमानपत्रात गुंडाळून आणणारे,
कुणाच्या बिलात शे-दोनशे कमी पडले
तर गुपचूप स्वतःचे घालणारे कोठावदे.
बोलावलं. बसले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
“पुतण्याला स्थळ आलं होतं, मॅडम.
पत्रिका जुळत होती. म्हटलं, एकदा...”
उरलेलं वाक्य त्यांनी टेबलावर ठेवलं
टाचणी ठेवावी तसं.
“घरात आजाराचं नाव काढलं नाही मी.
फक्त म्हणालो, नको.”

फक्त.

तीन महिने लॉगिन बंद, एक लेखी ताकीद.
त्या मोसमात द्राक्षं आली नाहीत.

लहानपणी आजोबांच्या अस्थी रामकुंडात सोडल्यावर
वडील मला पंचवटीत उपाध्यांकडे घेऊन गेले होते.
त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं,
लोखंडी पेटीतून लांबट वही काढली
आणि आमचं पान बरोबर उघडलं.
पणजोबांची सही, मोडीत, पाय मोडलेल्या मुंगीसारखी.
मी वाकून शेजारचं पान वाचायला गेले
तर त्यांनी न रागावता, माझ्याकडे न बघता
त्यावर तळहात ठेवला.
“ते दुसऱ्यांचं आहे, बाळ.”
वहीला ना कुलूप, ना पासवर्ड.
शाईचे डाग पडलेला एक तळहात.

मार्चअखेर ती आली.
तिचं नाव इथे लिहीत नाही, गावही नाही,
फाईलीत काय होतं तेही नाही;
वाचणाऱ्यानेही विचारू नये.
अर्जात एकच ओळ, रेघेवर नीट बसलेली:
माझी फाईल कोणी कोणी पाहिली, त्याची यादी मिळावी.
“नकार सांगायला ज्या बाई आल्या होत्या ना,” ती म्हणाली,
“जाताना पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या,
आता तब्येत बरी असते ना गं?
मी तर घराबाहेर कुणाला बोललेच नव्हते.”

यादी छापली. दोनच ओळी.
पहिली कोठावद्यांची.
दुसरी पाच फेब्रुवारीची, सकाळी अकराची.
त्यांनी काय पाहिलं हे कळायला
मला ती उघडावीच लागली होती.
लागली होती?
नंबर, वेळ, एक टिंब, एवढ्यावर भागलं असतं.
मी दुसऱ्या पानापर्यंत गेले होते.
तीन मिनिटं दहा सेकंद.
कारण: तपासणी.

ओळीखाली बोट धरून तिने वाचलं.
पहिल्या नावाशी फार थांबली नाही,
ते तिला बहुधा ठाऊक होतं.
दुसऱ्याशी थांबली.
“आणि ह्या कोण?”

छातीवरच्या ओळखपत्रावर
माझा तळहात कधीचा जाऊन बसला होता.
तो मी काढला.