एकोणीस सेकंद

वही माझ्याकडे असते, कारण माझं अक्षर बरं,
आणि माझं कुणाशीच फारसं पटत नाही.
सत्तावीस घरं. पाहुणा आला की पुढचं घर,
मग त्याच्या पुढचं.
तोक्तोसुनच्या नव्या गाद्या असोत
की गुल्बाराचं गळकं छत, नंबर म्हणजे नंबर.
माणशी नऊशे सोम, एका रात्रीचे.
त्यातले नव्वद कचऱ्याच्या गाडीला.
ती दर गुरुवारी डोंगरावरचं प्लास्टिक खाली शहरात नेते.
तिथे त्याचं काय होतं, आम्ही विचारत नाही.

सुरुवातीला सगळे हसले होते.
पैसे मोजून कोण झोपेल आपल्या दारात?
आपलीच पोरं तर इथून पळतात.
माझा एर्मेक मॉस्कोत खोकी उचलायचा,
फोनवर त्याच्या मागे कायम तीच करडी भिंत.
मग एका जूनमध्ये सायकलवरून दोन बायका आल्या,
माझ्या नमद्यावर हात फिरवत बसल्या तासभर.
किती दिवस लागले म्हणाल्या.
दोन हिवाळे, मी म्हटलं.
घेतला नाही त्यांनी, परवडला नाही.
पण पुढच्या वर्षी अकरा जणांना घेऊन आल्या.

आता एर्मेक घोड्यांचे लगाम धरतो.
आणि तोक्तोसुन, ज्यानं उभ्या जन्मात
चाळीसेक पहाडी बोकड लोळवले,
तो दुर्बीण पुसून पाहुण्याच्या हातात देतो,
श्वाससुद्धा हळू घ्या म्हणतो.

वहीचं शेवटचं पान मात्र पाहुण्यांना दाखवत नाही.
दर रविवारी झऱ्याखाली निळी बादली ठेवायची
आणि भरेपर्यंत मोजायचं.
जूनमध्ये नऊ. जुलैत तेरा.
एकोणीसच्या वर गेलं की नवा पाहुणा नाही:
हे ठरवायला एक अख्खी रात्र गेली,
आणि दोन चहाच्या किटल्या.
बिश्केकहून एक जण नकाशा घेऊन आला होता,
साठ तंबू, गरम पाण्याच्या अंघोळी.
माणूस चांगला होता, जेवून गेला.
जाताना त्याला बादली दाखवली.

या ऑगस्टमध्ये एकवीस.
दुपारी फोन आला, सहा जण, तीन रात्री.
नाही म्हटलं.
फोन ठेवल्यावर बघितलं, नंबर कुणाचा ते.
आयचुरोक.
उन्हाळाभर वाट बघत होती ती.
उशांचे अभ्रे दोनदा धुऊन झालेले.
सहा जण येणार, हे एर्मेक तिला आधीच सांगून बसलेला.
सहा गुणिले तीन गुणिले नऊशे.
पोरीचे हिवाळी बूट तिनं त्यातून वजाही केले असणार.

आली. भांडली नाही.
बादली उचलून झऱ्यावर गेली, मी मागोमाग.
स्वतः मोजलं तिनं, सावकाश,
सुईत दोरा ओवावा तसं.
अठरा, म्हणाली.
पुन्हा, मी म्हटलं.
अठरा.
तिसऱ्यांदा मोजलंच नाही.
भरून वाहणाऱ्या बादलीकडे बघत बसली.
पोटापाणी म्हणतो आपण एका दमात,
पण पोट एकीकडे ओढतं
आणि पाणी आपल्याच चालीनं येतं.

अंधार पडल्यावर तीच वर आली, डोक्यावर टोपली.
सहा जणांचे बोर्सोक, तळून ठेवलेले.
वाया कसे घालवायचे?
एर्मेकनं खाल्ले, तोक्तोसुननं खाल्ले,
गुल्बारा बोटं चाटत म्हणाली मीठ जरा जास्त.
पोरगी माझ्या नमद्यावर झोपून गेली,
पाय उघडे.

रात्री वही काढली.
तारीख. घर: आयचुरोक. पाहुणे: आम्हीच, नऊ.
रकमेच्या रकान्यात पेन जरा अडलं.
मग खालच्या ओळीत, जिथे गुल्बाराचं नाव यायला हवं,
तिथे पुन्हा आयचुरोकच लिहिलं.
सकाळी बोंबाबोंब होईल.
होऊ दे.
माझं तसंही कुणाशी पटत नाही.