साठ टक्के

पाटी रंगवायची तर आधी फूटपट्टी.
वरचे साठ टक्के कन्नड,
उरलेल्या चाळिसात तुमचं काय ते बसवा,
असं कार्पोरेशनचा माणूस सांगून गेलाय.
गणपत गल्लीत मी एकोणतीस वर्षं अक्षरं काढतोय.
कन्नड 'क' माझ्या हाताला झकास वळतो,
खरं बोलायला गेलो की जीभ दगडावर आपटते.

नोव्हेंबरच्या एक तारखेला
एका रस्त्यानं लाल-पिवळे झेंडे जातात,
दुसऱ्यानं काळ्या फिती.
दोन्हीकडचे फलक माझ्याच दुकानातले,
वाळत घातलेले शेजारी शेजारी.
आणि त्याच आठवड्यात
मुंडगोडहून टेम्पो येतो:
स्वेटरांची गाठोडी, बांबू, निळी ताडपत्री
आणि नोर्झोम.

"आरसी बुक पोलिसांत दाखवून आले," म्हणाली पहिल्या वर्षी.
मला वाटलं, टेम्पोचं.
"गाडीचं न्हवं ओ, माझं."
उघडून दाखवलं.
जन्म: मुंडगोड, कॅम्प नंबर तीन.
त्याच्याच खाली, त्याच शाईत: विदेशी.
शेवटच्या पानावर मुदत संपायची तारीख,
आमच्यात असते तशी फक्त
औषधाच्या बाटलीला.

तिची पाटी केली. साठ, चाळीस.
"आणि माझ्या भाषेला किती?"
शंभर तर झाले होते.
खालच्या कडेला बोटभर पट्टी कोरी सोडली,
तिथं तिनं खिळ्यानं काहीतरी कोरलं.
काय, ते मी विचारलं नाही. ती बोलली नाही.

"तुझं खरं गाव बघितलंस काय कधी?"
"नाही. तुम्ही बघितलंय काय,
तुमची पोरं ज्याच्यासाठी ओरडतात ते मंत्रालय?"
नाही.
"मग," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडं वळली.

यंदा निवडणूक.
मैदानात भाषणं झाली, भोंगे शहापूरपर्यंत.
बाहेरचे, बाहेरचे.
एकाच्या तोंडी बाहेरचे म्हणजे आम्ही,
दुसऱ्याच्या तोंडी ते.
तिसरा लांबून विमानानं आला होता,
त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही,
नुसता हात फिरवला, बाजाराच्या दिशेनं.

दुसऱ्या दिवशी चौघं आले तिच्या ठेल्यावर.
कन्नड येतं काय?
तिनं शाळेतली कविताच म्हणून दाखवली,
एका दमात, हातात हँगर धरून.
मग दुसरे चौघं. मराठी?
तिनं माझी मराठी बोलून दाखवली, शिवीसकट.
खूश झाले. त्यातल्या एकानं विचारलं,
"मत आहे काय तुला?"
"नाही."
मग ते गेले.

ठेल्यामागच्या भिंतीवर तीन फुटी अक्षरं:
बाहेरच्यांनो, चालते व्हा.
नोर्झोम चहा घेऊन आली,
माझा कप ठेवला, भिंतीकडं बघत राहिली.
"हा 'ह' तुमचा न्हवं?
शेपूट अशी वर नेऊन सोडलेली.
माझ्या पाटीवर 'हातमोजे' मध्ये आहे की.
चार वर्षं रोज बघते."

साडेचारशे मिळाले होते. रंग त्यांचाच.
मी सांगणार होतो की
मजकूर आमचा नसतो, अक्षर फक्त.
चहा गार झाला.
तिनं नजरेनंच माझे खांदे मोजले,
बेचाळीस नंबर काढला, राखाडी.
दरवर्षी पन्नास कमी करायची.
"फिक्स रेट," म्हणाली.
मी मोजून दिले.

रात्री टर्पेंटाइनचा डबा घेऊन गेलो.
ऑइल पेंट, भिंतीत मुरलेला.
तास दीड तास घासलं, बोटं सोलली,
शेपटीसकट एक 'हे' तेवढा गेला,
मग चौकातून जीपचा दिवा फिरला.

सकाळी स्वेटर घालून तिथंच उभा होतो.
शाळेला निघालेलं एक पोर
बोट फिरवत मोठ्यानं वाचत होतं,
मोकळ्या जागेवर थांबलंसुद्धा नाही:
बाहेरच्यांनो.