केसभर फट

औशात माळवद उतरवलं. पाट्यांनी माती गेली,
मग तुळई दिसली:
भिंतीतलं टोक ओलीनं खाल्लेलं,
बाकी सागवान खणखणीत.

मालक म्हणाला, लोखंडी पट्टी मारा, बोल्ट आवळा.
रुक्माजी मिस्त्री वाकसानं कुजकं तासत राहिले.
लाकूड पुन्हा वाजलं, तिथं थांबले.

रात्री मी मोबाईलवर त्यांना एक जपानी सुतार दाखवला,
जुन्या खांबाला नवा पाय जोडणारा,
एकही खिळा न मारता.
आवाज बंद करून त्यांनी तीनदा पाहिलं.
"बग, करवत सोताकडं ओढायलाय."
एवढंच बोलून कूस बदलली.

सकाळी दुसरी कूस, लाकडातली.
मी पुण्यात प्लायवूडला सनमायका चिकटवणारा,
माझ्या हातात त्यांची पटाशी,
मूठ त्यांच्या तळव्यापुरती झिजलेली.

जोडायचा तुकडा ते घरून घेऊन आले,
तीस वर्षं बाजेखाली ठेवलेला.
त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या घराचा.
कुणाच्या, मी विचारलं.
त्यांनी रेघ मारली,
पेन्सिल कानावर ठेवली.

दुपारी सांधा बसला.
एका अंगाला केसभर फट.
मी भुसा अन् सरस कालवायला उठलो, तर म्हणाले,
"राहू दे. पावसाळ्यात फुगतंय ते.
अन् जिमीन हालली तं
त्येला हालायला जागा नको व्हय?"

मग बाभळीची खुंटी ठोकली
आणि मालकाकडं चहा मागितला.