न पाळलेली मांजर

ब्लॅकबर्नच्या हॉस्पिटलात नर्सने माझा हात उताणा घेतला,
पेनाने आकडे घातले, एक ते नऊ,
आकड्याशेजारी थेंब, थेंबात सुईची टोचणी.
पंधरा मिनिटं खाजवायचं नाही, म्हणाली.
मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसले
आणि साताच्या आकड्यापाशी
पावलीएवढी गांधी उठली.

सात म्हणजे मांजर.
आमच्याकडे मांजर नाही, मी म्हटलं,
आणि शिंकले.
बोलता बोलता शिंक आली तर आमच्यात समोरचा म्हणतो,
सत्य आहे.
तिला हे कुठून माहीत.
तिने टिश्यूचा खोका सरकवला.

ॲक्रिंग्टनच्या या घरात आम्ही ऑक्टोबरात आलो.
दगडी, अरुंद, दोन्ही अंगांना शेजार चिकटलेला,
जिन्यावर शेवाळी गालिचा.
पायाला ऊब किती, हेरंब म्हणाला होता.
तेव्हापासून पहाटे चारला
मी न्हाणीघरात टबाच्या कडेवर, नाक लाल, पापण्या जड.
रडतेस का, तो दाराबाहेरून.
नाही, मी म्हणते,
आणि काही पहाटे तेही खरं नसतं.
इथली हवा मानवत नाही, आईला फोनवर सांगून टाकलं.
हवा बिचारी बाहेरच होती.

माशी कुठे शिंकली ते डोरीनने सांगितलं,
कुंपणापलीकडून, तोंडात चिमटा धरून, चादरी वाळत घालताना:
तुमच्या आधी मिसेस हॅलिवेल. एकतीस वर्षं.
आणि तिची सूटी. काळीभोर. जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसायची,
पोस्टमन येईपर्यंत.
दोघी एकाच उन्हाळ्यात गेल्या.
आधी कोण, ते डोरीनला आठवेना.

म्हणजे मी जिच्यामुळे शिंकत होते
ती मला एकदाही आडवी गेली नव्हती.
अंग गेलं, मागे राहिली लाळ,
चाटून चाटून केसांवर वाळलेली, पिठीहून बारीक,
गालिच्याच्या मुळाशी, पडद्याच्या चुण्यांत, रेडिएटरमागे,
हीटिंग लागलं की उठून
घरभर फिरणारी.

मग एक शनिवार.
काढा की, घरमालक म्हणाला, खर्च मात्र तुमचा.
हेरंबने मास्क लावून गालिचा कापला, पट्ट्यापट्ट्यांनी.
कोरडा झाडू मी लपवूनच ठेवला होता
(त्याने धूळ जात नाही, नुसती जागा बदलते).
ओलं फडकं, बादली, पुन्हा ओलं फडकं.
पडदे साठ अंशांच्या पाण्यात. गादीला, उश्यांना झिपवाल्या खोळी.
भिंतीसुद्धा पुसल्या,
आधी मांजरीच्या उंचीपर्यंत, मग माझ्या.
खिडकी सकाळ-संध्याकाळ सताड,
आणि त्यावर हेरंबचं रोजचं:
गॅसचं बिल काय मिसेस हॅलिवेल भरणार?

तिसऱ्या पायरीचे खिळे उपटताना
फळीच्या फटीत काही किणकिणलं.
घुंगरू. वाटाण्याएवढं, एका बाजूने चेपलेलं.
मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची,
या एका घरापुरतं तरी
उत्तर मिळालं.

लगेच उतार पडत नाही. नर्सने बजावलंय:
महिने लागतील, मनाने गोळी सोडू नका,
नाकातला फवारा रोज, बरं वाटलं तरी.
आता मार्च आहे.
चारला जाग येते ती सवयीची, नुसती पडून राहते,
नाकाच्या दोन्ही वाटा मोकळ्या,
श्वास जातोय आणि येतोय हे ऐकत.
सकाळी उघड्या फळ्यांवर पाय गार पडतात.
उतरताना तिसरी पायरी मी अजून
ओलांडूनच जाते.

घुंगरू उकळत्या पाण्यातून काढलं, पुसलं,
आणि जिन्यातल्या खिडकीच्या खिट्टीला बांधलं.
उघडताना वाजतं.
खालून हेरंब ओरडतो,
दहाच मिनिटं हं.