सहा तास

आठवड्याला सहा तास मंजूर.
कागदावर रकाने चार:
आंघोळ, जेवण, व्यायाम, औषध.

शकीला मुजावर येते उत्तरेश्वर पेठेत,
आई तेवढ्यात आडवी होते,
चौतीस वर्षांची झोप
दोन तासांत बसवते.

परवा म्हटलं, आंघोळ राहू दे.
गंगावेशीत जाऊया, कट्ट्यावर.
शकीलानं खुर्ची तीन पायऱ्या उतरवली,
"वजन वाढलंय गं तुझं," एवढंच म्हणाली.

म्हैस समोरच पिळली.
पेला तिनं धरला, प्याले मी.
हनुवटीवर फेस ओघळला,
लगेच पुसू दिला नाही.

घरी ती पेन चावत बसली.
भटकण्याला रकाना नव्हता.
मग लिहिलं: जेवण. वेळ, दीड तास.

आतून आई, झोपेतच:
दूध उतू गेलं काय गं?