दहा मिलिमीटर

एकास दोन हजार. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर
जमिनीवर दोन मीटर.
धारगळच्या पंचायतीत पंखा नकाशाला उडवायला बघत होता,
मी चार कोपऱ्यांवर चहाचे चार पेले ठेवले
आणि म्हटलं, या पट्ट्यात दुभाजक एकदाच तुटेल.
कुठे, ते सांगा.

ज्याचं त्याचं बोट आपापल्या दारावर.
चिऱ्यांचे ट्रक पाठवणाऱ्या शेटगावकरांचं खाणीच्या तोंडाशी,
प्रेमावती बाईंचं शाळेच्या फाटकाशी.
आनाक्लेत पोदेर मागेच उभा. बोटाला पीठ,
म्हणून त्याने नकाशाला हात लावला नाही.
एवढंच विचारलं :
दोन किलोमीटर फिरून येयसर
उंडे थंड जातले न्ही?
सगळे हसले. मी रकान्यात लिहिलं : सायकल, एक.

दुसऱ्या पहाटे काजूखाली बसून वाहनं मोजली.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
बेळगावची भाजी, मोपाकडे सुटलेल्या टॅक्सी,
मध्येच एक लग्नाची बस, सगळी झोपलेली.
उजाडलं तेव्हा दिसलं, दुभाजकातला एक ठोकळा
जागेवर नव्हता.
तिथली माती पायांनी गुळगुळीत केलेली.
डोक्यावर तवशांची पाटी, मागून दोन दप्तरं,
मग सायकल, आडवी उचलून.
ठोकळा कोणी हलवला?
इतक्या एकमताने गावाने काही नाकारलेलं
मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कचेरीत येऊन रेघ ओढत गेलो आणि नेमकी तिथे
पेन्सिल उचलली.
दहा मिलिमीटर कोरे. पुढे पुन्हा रेघ.
खाली सही. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तिसऱ्या वर्षी एक फाईल टेबलावर आली.
काजूचा उतार, नकाशात फिका हिरवा,
आता पिवळा व्हावा असा अर्ज. कारणात माझंच वाक्य,
अवतरणचिन्हांत, माझ्याच शुद्धलेखनासह :
‘महामार्गावरून थेट प्रवेश उपलब्ध.’
पिवळ्याचा लाल व्हायला
पावसाळासुद्धा मध्ये आला नाही.

परवा त्या बाजूने गेलो. टाइल्सचं दालन,
काचेत उभं केलेलं कोणाचं तरी न्हाणीघर.
उतारावरच्या पायवाटेला कुंपण.
तवशांची पाटी आता कुठून येते,
येते का, विचारायचं राहिलं.
आनाक्लेत मात्र तिथेच होता, मोकळ्या जागेच्या अलीकडे,
एक पाय जमिनीवर.
टोपलीतलं फडकं बाजूला करून
एक उंडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, गरम आसा, पळय.

खरंच गरम होता.
समोर चाळीस फुटी ट्रेलर वळत होता,
माझे सगळे वीस मीटर एकट्याने व्यापून,
थोडा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे.
तो वळून होईपर्यंत
आम्ही दोघे उभे राहिलो.