येणी

भांडुपला, एलबीएस मार्गाला लागून, मेघाणी केबल्स.
गोदामाची चावी दिगंबर घाडीकडे.
"ऑडिटवाल्या का?"
म्हटलं, नाही, रेटिंगवाली.
"म्हणजे मार्क देणार," म्हणाला, आणि आपणच हसला.

आकडे मी वाचूनच आले होते.
येणी चौऱ्याण्णव दिवसांवरून एकशे एकाहत्तरवर,
नफा कागदावर गुटगुटीत, बँकेत खडखडाट.
बाळसं की सूज
हे बोट दाबून बघावं लागतं.

शेठनी चहा मागवला. गेल्या वर्षी कपबशी होती,
यंदा कागदी पेला,
आणि नवे सीएफओ, जे प्रत्येक उत्तराआधी
शेठच्या तोंडाकडे बघत.
काचेच्या टाकीत पाणी होतं, पंपही चालू.
मासे कुठे गेले, मी विचारलं नाही.
आमच्या फॉर्मात तो रकाना नाही.

गोदामात रिळं छतापर्यंत.
घाडी मागून हळूच म्हणाला,
"मागची रांग धरू नका मॅडम. नुसतं लाकूड आहे."
मी पेन्सिलीने आकडा खोडला.
मग तो जरा घुटमळला.
"बदलापूरला खोली बघितलीय. वीस वर्षांचा हप्ता.
तुम्ही शिकलेल्या. घेऊ ना?"

त्याने मला लाकूड दाखवलं होतं.
मी गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली.
म्हटलं, "घरी विचारून ठरवा."

बीकेसीत एसी इतका की बोटं आखडतात.
मॉडेलने सांगितलं: बारा महिन्यांत, शंभरात एकाहत्तर.
समितीने दोन पायऱ्या खाली आणलं.
बँकेने लिमिट कापलं,
तांबेवाल्याने उधारी बंद केली,
सातव्या महिन्यात गेटला सील.
आता नव्या पोरांना माझी ही केस शिकवतात.
भिंत पडणार होती म्हणून मी ओरडले,
की माझ्या ओरडण्याने पडली,
हे ताडून बघायला
दुसरी मेघाणी केबल्स नाही.

देणेकऱ्यांची यादी आली. आधी बँका, मग बाकीचे.
कामगारांच्या पानावर
घाडी दि. सो., एक लाख अठ्ठेचाळीस हजार.
त्यापुढे पत्त्याचा रकाना.
भांडुप असेल, किंवा बदलापूर.
मी त्यावर बोट ठेवते
आणि खालची नावं वाचत जाते.